गाडीला पाणी

आमच्या आणि शेजारच्या गुरुजींच्या घरामधली भिंत छातीएवढी आहे. तरोडा नाक्याकडच्या या कॉलनीत आम्ही दोघांनी एकाच वर्षी घरं बांधली, म्हणून भिंतीचा खर्च अर्धा-अर्धा. त्या भिंतीवरून आजवर विरजण गेलं, कढीपत्ता आला, एकदा अर्धा किलो साखर गेली ती अजून परत यायची आहे, आणि कॉलनीतल्या झाडून सगळ्या बातम्या इकडच्या तिकडं झाल्या. मे महिन्यातल्या एका शनिवारी रात्री मात्र भिंतीवरून वायर आली. करंगळीहून जाड, काळीभोर. तिचं एक टोक गुरुजींच्या पडवीतल्या प्लगात आणि दुसरं आमच्या लातूरच्या दाजींच्या गाडीत.

दहा वाजले असतील. गुरुजींच्या घरच्या वहिनी गच्चीवर गाद्या टाकायला गेल्या होत्या. तिथून वाकून ओरडल्या, "अगं बाई! दाजी गाडीला पाणी कामून पाजायलेत?"

दाजी खरंच बादली घेऊन उभे होते. लुंगी वर खोचलेली, घामानं निथळत होते. पाणी गाडीला नव्हतं, गुरुजींच्या तुळशीमागच्या एका खड्ड्यात चाललं होतं. पण त्यासाठी जरा मागं जावं लागेल.

दाजींनी दिवाळीत विजेची गाडी घेतली. तेव्हापासून फोनवर दुसरा विषय नाही. एका युनिटला सात किलोमीटर, इंजिनाचा आवाज नाही, पेट्रोल पंपाचं तोंड पाहिलं नाही. लातूरकर तसेही सांगण्यात कमी नसतात. निकाल त्यांचा, 'पॅटर्न' त्यांचा, हरंगुळला रेल्वेचे डबे करायचा कारखाना त्यांचा. आम्ही नांदेडवालेही गप्प बसणारे नाही. विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हे 2009 पासूनचं भांडण आमच्याकडं दर भेटीला ताटावर वाढलेलं असतं. म्हणून या खेपेला दाजींनी जाहीर केलं, "एसटी नको, पंप नको. विजेवर येतो की नाही बघा."

लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेड एकशेचाळीस किलोमीटर. गाडीची बॅटरी तीस युनिटची. कागदावर तीनशेच्या पुढं जाते, दाजींना एसी लावून दोनशे-सव्वादोनशे मिळतात. शंभर टक्क्यांवर निघाले, आमच्या फाटकात आले तेव्हा बत्तीस उरले होते. वाटेत एका हॉटेलामागं फास्ट चार्जिंगचा खांब आहे असं मोबाईल सांगत होता. जाऊन बघतात तर पडदा काळा आणि खांबाला शेळी बांधलेली. दाजींनी शेळीचा फोटो काढून आणला होता.

"काही बिघडत नाही," दाजी म्हणाले, "घरी पंधरा अँपिअरचा प्लग आहे ना?"

होता. कूलरचा. त्यात लावलं तर चार्जरवर लाल दिवा. काढलं, पुसलं, परत लावलं, परत लाल. दाजी म्हणायला लागले, "तुमच्या नांदेडची वीजच मुळात..." आणि तेवढ्यात भिंतीवर गुरुजींचं डोकं उगवलं.

गुरुजींनी जन्मभर गणित शिकवलं. कुठं चूक आहे ते त्यांना लांबून दिसतं. "वीज बरोबर आहे," ते म्हणाले. "तुमच्या घराला अर्थिंग नाही. ती तिसरी पीन शोभेची आहे. फ्रिज, मिक्सर मुकी जनावरं, निमूट चालतात. ही गाडी शिकलेली आहे, ती आधी विचारते."

इतकी वर्षं ज्या घरात राहतो त्याला अर्थिंग नाही हे आम्हाला लातूरच्या गाडीनं सांगितलं. आमचे हे काही बोलले नाहीत, आतून गणपतीच्या आरासीचा एक्स्टेंशन बोर्ड घेऊन आले. गुरुजींनी तोही परत पाठवला. "तीन किलोवॅटचा भार सात तास. दोन माळांच्या बोर्डावर ओढाल तर पहाटेपर्यंत वितळून हातात येईल. गाडी भिंतीला लावा."

गाडी भिंतीला लावली. चार्जरची स्वतःची वायर भिंतीवरून पलीकडं गुरुजींच्या पडवीत नेली. प्लग घातला. लाल.

आता गुरुजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांच्या घराला मीठ-कोळशाचा खड्डा आहे, बांधतानाच करून घेतलेला, आणि आम्ही तेव्हा पैसे वाचवले म्हणून त्यांनी आम्हाला कितीदा ऐकवलेला. त्यांनी वायरमनला फोन लावला. तो जेवत होता. घास गिळून म्हणाला, "गुरुजी, मे महिना हाय. खड्डा वाळला असल. चार बादल्या पाणी टाका."

अर्थिंगचा खड्डा म्हणजे पुरुषभर खोल जागेत उभा पाईप, त्याच्याभोवती एक थर कोळशाचा, एक थर खड्याच्या मिठाचा. मीठ ओल धरून ठेवतं आणि ओल असली की वीज मातीत उतरते. आपली काळी माती पावसाळ्यात पाय ओढते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगाळलेल्या मातीत वीज उतरायची कशी? म्हणून दाजींची बादली. तिसरी बादली जिरली आणि चार्जरवर हिरवा दिवा लागला. वहिनींनी गच्चीवरून टाळ्या वाजवल्या.

"म्हणजे गाडीलाबी रात्रपाळीचं पाणी!" त्या म्हणाल्या. "गावाकडं आमच्या दादाला थ्री फेज रात्री येते. मोटर चालू करायला थंडीत बारा वाजता उठावं लागतंय. तसंच हे."

"दाजी," आमचे हे म्हणाले, "2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. आज तुमच्या गाडीला नांदेडनं पाजलं. लिहून ठेवा."

दाजी हसले, पण जरा उशिरानं.

गाडी चार्ज होताना काही दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. पण सोडून झोपवतही नाही. दाजी दर दहा मिनिटांनी मोबाईलवर टक्के बघत होते, दवाखान्यात सलाईनच्या बाटलीकडं बघतात तसे. मग भिंतीच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या आल्या. गुरुजी, दाजी आणि आमचे हे पेट्रोलवर घसरले.

गुरुजींनी पाटी-पेन्सिल नसताना हिशेब मांडला. एकशेचाळीस किलोमीटर, सोळाचं ॲव्हरेज, म्हणजे पावणेनऊ लिटर. एकशेपाचचा भाव धरला तर 918 रुपये 75 पैसे. आता वीज. बॅटरीत वीसेक युनिट जातील, गळती धरून मीटरवर बावीस पडतील. गुरुजींच्या गच्चीवर सोलार आहे, पण ते नसतं आणि वरच्या स्लॅबचा सोळाचा दर लागला असता, तरी 352. रस्त्यावरच्या फास्ट चार्जिंगला वीस-पंचवीसचा दर असतो. तिथं भरलं तर फायदा बराच घटतो.

मग गुरुजी जे बोलले ते मला पटलं. परभणीत 2021 च्या मे महिन्यात पेट्रोलनं शंभरी ओलांडली तेव्हा सगळे सरकारला बोलत होते, पण तेच पेट्रोल मुंबई-पुण्यापेक्षाही महाग का, हे कुणी विचारत नव्हतं. परभणीचा टँकर येतो मनमाडजवळच्या पानेवाडीहून, त्याचं भाडं आपल्या टाकीत मोजलं जातं. वहिनींचं माहेर देगलूरकडं. तिकडची माणसं कर्नाटकाच्या हद्दीत जाऊन टाकी भरून येतात. "विजेला टँकर नाही," गुरुजी म्हणाले. "महावितरणचा घरगुती दर पुण्यात जो तोच मुखेडात. आपल्या भागाला लांब असल्याचा दंड न भरता मिळणारी ही एवढी एकच वस्तू."

"मिळाली तर," आमचे हे म्हणाले. लोडशेडिंगचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेल्या पिढीतले ते. चिमणीच्या उजेडात पोराचा अभ्यास घेतलेला माणूस लायटीवर एवढ्या लवकर विश्वास टाकत नाही. शिवाय त्यांची नेहमीची यादी आहे. 2022 च्या उन्हाळ्यात विजेच्या स्कूटर पेटल्या होत्या त्याचं काय, नांदेडच्या त्रेचाळीस डिग्रीत बॅटरी टिकेल का, जुनी झाली तर घेणार कोण. दाजींनी उत्तरं दिली. आगींनंतर सरकारनं बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या, कंपनीची हमी आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची आहे. शेवटच्या प्रश्नाला दाजींकडं उत्तर नव्हतं. त्यांनी टक्के बघितले. एकोणचाळीस.

वहिनी खाली आल्या त्या आंब्याच्या फोडी घेऊन, आणि आल्या आल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांची बातमी काढली. डॉक्टरांनी पण नवी गाडी घेतली म्हणे. "परवा मी दूध आणायला गेलते तर मागं गाडी येऊन उभी. आवाज नाही, काही नाही. जीवच गेला माझा. मी म्हटलं, विजेची हाय का? तर म्हणाले, हायब्रीड. मी म्हटलं, एवढे पैसे घालून हायब्रीड कामून घेतली बाप्पा?"

आम्हाला दोन मिनिटं कळेना. मग कळलं. वहिनींच्या पिढीला हायब्रीड म्हणजे ज्वारी. 1964 साली सीएसएच-1 हे संकरित वाण आलं, उतारा दणकून द्यायचं, पण दाणा पावसात सापडला की काळा पडायचा आणि भाकरीला ती चव नाही. "1972 च्या दुष्काळात मी दहा वर्षांची," वहिनी म्हणाल्या. "हायब्रीडची भाकरी थापायला घेतली की काठाला चिरा. आजी म्हणायची, पोट भरतंय, मन भरत नाही."

गुरुजींनी मग बायकोचा वर्ग घेतला. डॉक्टरांच्या गाडीत पेट्रोलचं इंजिन आहेच, शिवाय विजेची मोटर आहे. बॅटरी एवढीशी, एक युनिटसुद्धा मावत नाही. तिला प्लग नाही, अर्थिंग नाही, बादली नाही. गाडी उताराला लागली किंवा ब्रेक दाबला की चाकंच मोटर फिरवतात आणि वीज साठते. गल्लीत, सिग्नलला, हळू चालताना तीच वापरायची, म्हणून आवाज नाही. साध्या गाडीत हा सगळा जोर ब्रेक तापण्यात वाया जातो.

"म्हणजे उरल्या भाकरीचा कुस्करा," वहिनी म्हणाल्या. "टाकायचं नाही. मग चांगलं हाय की. मी उगीच बोलले डॉक्टरांना."

डॉक्टरांना पंधरा दिवसाला हैदराबाद असतं, पावणेतीनशे किलोमीटर. कंपनी लिटरला सत्तावीस-अठ्ठावीस सांगते, डॉक्टर बावीस सांगतात, आणि डॉक्टर खोटं सांगत नाहीत. त्यांना वाटेत शेळी बांधलेला खांब परवडणारा नाही. पण गाडी महाग. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाडीवर 18 टक्के, विजेच्या गाडीवर पहिल्यासारखा 5, आणि डॉक्टरांच्या गाडीसारख्या लांब हायब्रीडवर 40. वाचवलेलं पेट्रोल हा कर फेडायलाच काही वर्षं जाणार. मला विचाराल तर गल्लीत फिरणाऱ्याला कर थोडा आणि हैदराबादला जाणाऱ्याला जास्त, असा काही हा हिशेब नाही. दिल्लीत कुणी नांदेड-हैदराबाद रस्ता डोळ्यांपुढं ठेवून टक्के ठरवत नसतं.

तसंच टोलचं. राज्याच्या 2025 च्या धोरणात विजेच्या मोटारींना समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर टोल माफ आहे. ऐकायला गोड. आपल्या नांदेड-लातूर रस्त्याचं नाव त्यात नाही, तो राष्ट्रीय महामार्ग. त्याच धोरणात महामार्गावर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं म्हटलंय. त्या हिशेबानं लातूर ते नांदेड पाच-सहा ठिकाणं झाली पाहिजेत. दाजी म्हणाले, "पाच नकोत. अहमदपूरला एकच द्या, पण चालू द्या."

वहिनींना एक शंका उरली होती, आणि ती खरी ऊसवाल्या घरातली होती. "सगळे विजेवर गेले तर उसाचं काय? आता पेट्रोलात उसाचाच अर्क घालायलेत ना?" पेट्रोलात आता वीस टक्के इथेनॉल असतं. मांजराकाठच्या कारखान्यांना साखरेबरोबर इथेनॉलचाही आधार झालाय. गुरुजींनी सांगितलं की इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ताकद कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं पडतं. दाजी लातूरचे, उसाचा आणि पाण्याचा विषय निघाला की ते गप्प होतात. गप्पच राहिले.

साडेअकराला टक्के सेहेचाळीस. गुरुजींच्या पडवीत त्यांची जुनी चेतक उभी आहे, नंबर लावून काही वर्षांनी मिळालेली. रोज सकाळी आडवी केल्याशिवाय चालू व्हायची नाही. तिच्या शेजारी सुनेची नवी चेतक. जुनी 2005-06 च्या सुमाराला बंद झाली, 2020 च्या जानेवारीत तेच नाव विजेवर परत आलं. सून साध्या प्लगावर लावते, सकाळी कॉलेजात शिकवायला निघून जाते. तिच्या गाडीवर कॉलनीत कधी एक शब्द चर्चा झाली नाही. बाईनं काही नवं केलं की ते घरकामात जमा. पुरुषानं केलं की चार खुर्च्या बाहेर येतात.

पुण्याहून पोराचा फोन आला तेव्हा सगळे जागेच होते. त्याला हा प्रकार सांगितला तर तो हसला नाही, हळहळला. त्याला विजेचीच गाडी हवी आहे, पण सोसायटीत पार्किंगपर्यंत वायर न्यायला कमिटीची परवानगी लागते, आणि कमिटीची सभा कोरमअभावी होत नाही. "तुमच्याकडं स्वतःचं फाटक, स्वतःचा मीटर, स्वतःची गच्ची," तो म्हणाला. आम्ही आयुष्यभर पुणेकरांकडं काय काय आहे ते मोजत आलो. आमच्या भिंतीआड त्यांच्याकडं नसलेलं काही निघेल असं वाटलं नव्हतं. आणि ऊन तर आहेच. गुरुजींच्या गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलार, केंद्राचं 78,000 अनुदान मिळालेलं. चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिट. दिवसा ते महावितरणकडं ठेव म्हणून जमा होतात, रात्री परत घ्यायचे. बारा युनिट म्हणजे दाजींच्या गाडीचे ऐंशी किलोमीटर. आमच्या घरातलं सगळं फिरणं, वजिराबाद, भाजी, दवाखाना, गुरुद्वारा, विष्णुपुरी धरून, आठवड्याला एवढंच होतं.

पहाटे साडेपाचला गाडी अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर होती. निघताना गुरुजींनी दाजींना थांबवलं. "येताना बत्तीस उरले होते, जाताना तेवढे उरणार नाहीत. नांदेड गोदावरीच्या काठी, समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरवर. लातूर बालाघाटच्या पठारावर, सहाशेच्या वर. दीड टनाची गाडी अडीचशे मीटर उचलायला साधारण एक युनिट लागतं." दाजींनी मान हलवली. लातूर नांदेडपेक्षा उंच आहे, एवढंच त्यांनी त्यातून घेतलं असावं.

दुपारी फोन आला. पोचले. सव्वीस टक्के उरले. येताना अडुसष्ट गेले होते, जाताना बहात्तर. गुरुजींनी चार टक्क्यांचं युनिट करून बघितलं, एक पूर्णांक दोन दशांश, आणि दिवसभर खुशीत होते.

मी वहिनींना बावीस युनिटचे पैसे विचारले. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तुमची अर्धा किलो साखर राहिलीय ना माझ्याकडं? फिटली." साखरेला इतका भाव आमच्या कारखान्यांनाही मिळालेला नाही.

आमच्याकडं कोणती गाडी घ्यायची ते अजून ठरलेलं नाही. मी विजेच्या बाजूनं आहे, आमचे हे डॉक्टरांच्या गाडीकडं बघतात. पण पुढच्याच सोमवारी वायरमन बोलावून अंगणात खड्डा घेतला. एक पोतं कोळसा, एक पोतं खडे मीठ. तुमच्याकडं गाडी येवो न येवो, घराची अर्थिंग एकदा तपासून घ्या. आणि मे महिन्यात खड्ड्यात पाणी टाकायला विसरू नका.